पळणीची जागा

करंजवेळ नगरपंचायतीच्या इमारतीत माझ्या वाट्याला आलेल्या खोलीला खिडकी नाही. तरीही त्या खोलीतून जितके दूरवरचे ऐकू येते, तितके गावातल्या दुसऱ्या कुठल्याही जागेवरून येत नसेल.

गावाच्या रस्त्यांखालून काचतंतूंची केबल गेलेली आहे. माझ्या लहानपणी ती इंटरनेटसाठी टाकली गेली. तिच्यातले निम्म्याहून अधिक तंतू कधी वापरलेच गेले नाहीत. जमिनीखालच्या अंधारात ते नुसते पडून होते. काच कितीही शुद्ध केली, तरी तिच्यात सूक्ष्म दोष उरतात. लेसरचा स्पंद तंतूत सोडला, की अशा प्रत्येक दोषापाशी थोडासा प्रकाश मागे फिरतो. वरून बैलगाडी गेली, लाट किनाऱ्यावर आपटली, कोणी नुसते चालले, तरी जमीन थरथरते. तंतू कल्पनेपलीकडे सूक्ष्म असा ताणला जातो आणि परतणाऱ्या प्रकाशाची लय किंचित ढळते. ती ढळलेली लय मोजता आली, की केबलचा दर काही हातांचा तुकडा एक कान होतो. घट्ट कातळातून थरथर वेगाने धावते, ओल्या मातीत रेंगाळते, पोकळीपाशी हरवते. असे हजारो कान एकत्र ऐकू लागले, की न खणता जमिनीच्या आतले चित्र उमटते.

आता तसा नियमच आहे. भूनादाचा अहवाल जोडल्याशिवाय विकास आराखड्यातली एकही रेषा मंजूर होत नाही. कुठला विभाग रहिवासी, कुठला हरित, कुठे बांधकामाला मनाई, हे नगरपंचायतीची नियोजन समिती ठरवते. पण ठरवण्याआधी तिला जमिनीचे म्हणणे ऐकावे लागते. ते ऐकून समितीला सांगणे हे सहायक नगररचनाकार या नात्याने माझे काम. गावातले लोक या यंत्रणेला नुसते ‘कान’ म्हणतात.

कानाला पावलेही ऐकू येतात. नियमाने एकेकाची ओळखू येणारी पावले गाळावी लागतात, कारण कोण कुठे गेला हे नगरपंचायतीला कळता कामा नये. पण गाळली जाण्यापूर्वी ती क्षणभर पडद्यावर थरथरून जातात, आणि त्या क्षणात ओळखीचे पाऊल ओळखू येतेच. चारचौघांत मला चटकन बोलता येत नाही. लग्नकार्यात मी पाणी वाढण्याचे काम मागून घेतो, म्हणजे बोलावे लागत नाही. अशा माणसाला पडद्यावरच्या त्या थरथरीतून गाव भेटत असे. त्यातले एक पाऊल मला सर्वांत आधी कळे: उजव्याहून डावे जड पडणारे. तो माझा थोरला भाऊ, दिगंबर. परांचीवरून पडल्यापासून त्याची चाल तशी झाली.

दादा चिऱ्याची घरे बांधतो. त्याने स्वतः बांधलेले आमचे घर किनारवाडीत होते. समुद्र दर वर्षी थोडा पुढे सरकत आला आणि शेवटी पडवीसकट ते घेऊन गेला. तेव्हापासून किनारवाडीची सगळी कुटुंबे एसटी आगाराच्या मागच्या पत्र्याच्या वसाहतीत राहतात. दादा आणि केतकीवहिनी यांचे तिथे सहा पावसाळे झाले. मला नगरपंचायतीची राहायची खोली मिळाली, म्हणून मी सुटलो.

नव्या आराखड्यात या कुटुंबांसाठी सड्याचा दक्षिण भाग राखून ठेवलेला होता. सडा म्हणजे गावामागचे जांभ्या कातळाचे पठार. हरकती-सूचनांची सुनावणी झाली, की घरांना वाट मोकळी होणार होती. दादाने धीर धरला नव्हता. आपल्या वाट्याच्या तुकड्यावर त्याने चिरे आणून रचले होते आणि वहिनीने कातळावर खडूने स्वयंपाकाचा ओटा आखला होता. पावसाने तो पुसला, की ती पुन्हा आखत असे. संध्याकाळी दोघे तिथे जाऊन बसत. वहिनी खडूच्या रेषेच्या आत उभी राहून मला विचारी, “शौनकभावजी, चाय घेतलास?” आणि रिकामा हात पुढे करी. मीही तो रिकामा कप घेऊन पीत असे.

आराखड्याची तयारी अशी शेवटाला आलेली असताना भिकूआजा माझ्या खोलीत आला.

भिकाजी गावकर हा गावचा मानकरी. देवाला कौल लावण्याचा मान त्याच्या घराण्याकडे. त्या वर्षी ग्रामदैवत रवळनाथाने गावपळणीचा कौल दिला होता. आमच्याकडे काही वर्षांनी एकदा सगळा गाव तीन दिवस घरे सोडून शिवेबाहेर राहायला जातो. माणसे, गुरे, कुत्री, कोंबड्या, कोणीही मागे राहत नाही. तीन दिवस गाव गावाचा असतो.

आजा खुर्चीत बसलाच नाही. पडद्याकडे काठी करून म्हणाला, “शौनक, तुझो ह्यो कान पळणीक खय जातलो?”

“तो जाणा नाय, आजा. तो रस्त्याखाली आसा.”

“म्हणजे माणसां जातली, ढोरां जातली, माझी पांगळी म्हस फळीवर घालून न्हेतले, आणि ह्यो एकटो गावात बसान ऐकत रवतलो?”

“यंत्र आसा तां. जीव नाय तेका.”

“जीव नाय, पण ऐकता ना? मगे ऐकणारो गावात आसताना गाव रिकामो झालो असा मी देवाक कसा सांगू?”

त्या प्रश्नाचे पुरते उत्तर मला अजूनही सुचलेले नाही. बोलणे ऐकून नगराध्यक्षा सातार्डेकरबाई आत आल्या. नियोजन समितीच्या अध्यक्षाही त्याच. त्या मूळच्या सावंतवाडीच्या शिक्षिका. फळ्यासमोर उभे राहावे तसे बोलतात.

“आजोबा, यंत्र बंद केलं तर अहवालात खंड पडतो. खंड पडला की आराखडा वरून परत येतो. किनारवाडीच्या लोकांना तुम्ही काय सांगणार?”

आजा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. मग म्हणाला, “ऐकूंदे तेका. पण ऐकलेला कोणाक सांगूचा नाय. परत इल्यावर मी देवाक विचारीन. देव हो म्हणालो तरच उघडा. नाय म्हणालो तर पुसून टाका.”

सातार्डेकरबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

“कबूल,” त्या म्हणाल्या. “आणि आजोबा, म्हशीसाठी नगरपंचायतीचा टेम्पो पाठवते. फळी नको.”

आराखड्याच्या नकाशावर सड्याच्या उत्तर भागात एक पांढरा ठिपका होता. तिथे रंग नाही, विभागाचे नाव नाही, मोजमाप नाही. हे कोणाला चुकल्यासारखे वाटलेच नाही. नगरपंचायतीची हद्द पुढेपर्यंत जात असली, तरी देवाची शीव अलीकडेच संपते; ती ओलांडली की तोच भाग लागतो आणि पळणीच्या वेळी गाव तिथेच राहतो. समितीत बसणारे सगळे करंजवेळचेच. पळायच्या जागेत विभाग कसले पाडायचे? बाहेरचा नगररचनाकार असता, तर त्याने विचारले असते. मी गावचाच होतो. मीही विचारले नाही.

पळणीच्या सकाळी घराघरांची दारे लोटून माणसे निघाली. दक्षिणेचा सडा ओलांडून, दादाच्या चिऱ्यांशेजारून, शिवेचा दगड मागे टाकून आम्ही उत्तरेला पोहोचलो. माडाच्या झापांच्या राहुट्या उभ्या राहिल्या. तीन दगडांच्या चुली पेटल्या. पोरांनी कबड्डीचे मैदान आखले, बायकांनी फुगड्यांचे फेर धरले, गुरे खुरांनी कातळ खडखडवत हिंडू लागली. एरवी मैलभर पसरलेला गाव हाताएवढ्या जागेत येऊन नाचू लागला होता.

दादा सुतळीने झाप बांधत होता. मला पाहून म्हणाला, “काय साहेब, कान गावात एकटो पडलो. रडत बिडत नाय मां?”

“रडलो तरी तीन दिवस कोणाक सांगूचो नाय, असा ठरला.”

“बरा झाला. तुझ्यासारखोच आसा मगे. सगळा ऐकता आणि तोंडातसून शब्द काढणा नाय.”

वहिनी हसली. दादाही हसला आणि डावा पाय कातळावर आपटून, दूरच्या गावाकडे तोंड करून ओरडला, “ऐकतंस मां रे? ह्यो दिगो मेस्त्री! पुढल्या पळणीक माझ्या घराक कुलूप घालून येतलंय!”

तो आनंद मला स्पष्ट आठवतो. त्याच्या पायाची ती थाप गावातल्या केबलपर्यंत पोहोचत असेल, असा विचारही माझ्या मनात आला, आणि मी तो सोडून दिला.

चौथ्या सकाळी रवळनाथाच्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना आज्याने कळे, म्हणजे फुलांच्या ओल्या कळ्या, लावले. गाव परत यावा का, हा पहिला प्रश्न. उजवा कळा पडला, म्हणजे होकार. दुसरा प्रश्न विचारताना आज्याने घसा साफ केला. “देवा म्हाराजा, तुझो गाव रिकामो असताना नगरपंचायतीच्या कानान काय ता ऐकलान. तां उघडूक तुझी परवानगी आसा काय?” पुन्हा उजवाच कळा पडला. आज्याच्या चेहऱ्यावर किंचित निराशा दिसली, निदान मला तसे वाटले.

त्याच दुपारी मी ते तीन दिवस उघडले.

एरवी कानाला सगळीकडून एकाच वेळी ऐकू येते. माणसांच्या गोंगाटात उभे राहून त्याच गोंगाटाच्या आधारे जमीन वाचायची, म्हणजे भर बाजारात मध्यभागी उभे राहून भिंतीपलीकडचे ऐकण्यासारखे आहे. आजवरच्या अहवालांत दक्षिणेच्या सड्याखाली एक अस्पष्ट डाग दिसे. नोंद घ्यावी, पण रेषा बदलू नये, इतकाच. पळणीत मात्र कधीच न घडणारी गोष्ट घडली होती. सगळी पावले एका बाजूला होती आणि सगळे कान दुसऱ्या बाजूला. मधोमध दक्षिणेचा सडा. दिव्यासमोर हात धरला, की मागच्या भिंतीवर बोटे वेगवेगळी दिसतात. तसे गावाच्या पावलांनी आपल्याच जमिनीमागे दिवा धरला होता, आणि रिकाम्या रस्त्यांवर तिची सावली पडली होती.

ती सावली विळ्यासारखी वाकलेली होती. जांभ्याच्या कवचाखालची मऊ माती पावसाचे पाणी युगानुयुगे वाहून नेते, आणि आत एक लांब नळी कोरली जाते. वर कातळ अभंग दिसतो. आत पाण्याची वाट असते. सड्याला लागून असलेल्या वरच्या वाडीचे सगळे झरे, ज्यांवर अख्ख्या करंजवेळची नळयोजना चालते, या नळीच्या तोंडाशी उगवत होते. कवच ठिकठिकाणी पातळ होते. तिथे पाये खणले, शौचालयांचे खड्डे मारले, की ते फुटणार. घरे खचतील, नाहीतर झरे नासतील, कदाचित दोन्ही.

आणि उत्तरेचा सडा, ज्यावर आम्ही तीन दिवस नाचलो, तो पांढरा ठिपका, आतून घंटेसारखा घट्ट होता; तिथल्या पावलांची थरथर कुठेही न हरवता निघाली होती.

नियमांत एक पळवाट आहे. यंत्र बंद ठेवलेले चालत नाही, पण सण, जत्रा, मिरवणूक अशा असामान्य दिवसांच्या घेतलेल्या नोंदी नगररचनाकाराला स्वतःच्या अधिकारात वगळता येतात. पळणीचे दिवस वगळले, की तो डाग पुन्हा अस्पष्ट होत होता. दक्षिणेची वसाहत जशीच्या तशी मंजूर होत होती. ठेवले, की आराखडा पुन्हा प्रसिद्ध करावा लागणार, पुन्हा हरकती, पुन्हा सुनावणी. पत्र्याखाली निदान आणखी एक पावसाळा, आणि पुढे जागा मिळेलच याचा भरवसा नाही. निर्णय यंत्राचा नव्हता. तीन दिवस ठेवायचे की गाळायचे, एवढाच तो होता, आणि तो माझा होता.

मी दादाला सड्यावरच गाठले. तो चिऱ्यांच्या राशीवर बसून छिन्नीला धार लावत होता. सांगायला मला फार वेळ लागला नाही. अवघड गोष्टी मी थोडक्यात सांगतो, कारण जास्त शब्द माझ्याकडे नसतात.

“खचतला म्हणजे कधी?” त्याने विचारले.

“उद्या. नायतर पन्नास वर्षांनी. नायतर कधीच नाय.”

“कधीच नाय असापण होईत?”

“होईत.”

“मगे?”

त्याने छिन्नी खाली ठेवली.

“ते तीन दिवस वगळूक येतत काय तुका?”

“येतत. नियमात बसता.”

“मगे वगळ.”

“दादा, वहिनीन ओटो आखलेलो आसा, तो त्या पोकळीच्या बरोबर वर येता.”

त्याने खडूच्या रेषांकडे पाहिले. क्षणभर मला वाटले, आता तो उठेल आणि माझ्या खांद्यावर हात ठेवील. तो उठला, पण त्याचा आवाज वेगळा होता.

“तुका जमनीच्या पोटातला ऐकू येता. केतकीचा येता? पत्र्यावर पाऊस पडाक लागलो, की आमी दोघां समोरासमोर बसान एकमेकांचा बोलणा ऐकूक शकनव नाय. सहा पावसाळे. खुणांनी बोलतव. तुझ्या खय त्या पडद्यावर ह्यां दिसता काय रे?”

“नाय,” मी म्हणालो. ते खरे होते.

“मगे तुझो कान बहिरो आसा,” दादा म्हणाला, आणि डावा पाय ओढत निघून गेला.

सुनावणीच्या सकाळी मी लवकर कार्यालयात आलो. पडद्यावर रोजच्या रेषा थरथरत होत्या: दुधवाला, पहिली एसटी, देवळाची घंटा. मग आगाराच्या बाजूने ते पाऊल आले. उजवे हलके, डावे जड. बाजारपेठ ओलांडून ते नगरपंचायतीच्या दारापर्यंत आले आणि थांबले. मी खुर्चीतून उठलो. दारापर्यंत जायला मला काही क्षण पुरले असते. पण काय बोलायचे ते मी आधी मनात जुळवू लागलो, आणि तेवढ्यात पाऊल वळले. परत जाताना ते अधिक जड वाटले. मग गाळणीने ते नियमाप्रमाणे पुसून टाकले.

त्यानंतर मी काहीच जुळवले नाही. पळणीचे तीनही दिवस अहवालात ठेवले आणि सभागृहात गेलो.

सभागृह भरलेले होते. पुढच्या बाकांवर किनारवाडी, मागे बाकीचा गाव, भिंतीला टेकून भिकूआजा. दादा दाराशी उभा होता, वहिनी बायकांत बसली होती. सातार्डेकरबाईंनी सुरुवातीलाच सांगितले, “सहायक नगररचनाकारांचे बंधू दक्षिण सड्याच्या लाभार्थ्यांत आहेत. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी इतिवृत्तात घेते. शौनक मेस्त्री, बोला.”

मी उभा राहिलो. चित्र भिंतीवर आले आणि मला आश्चर्य वाटले, की माझा आवाज स्थिर आहे. “हे आपण काढलेलं चित्र आहे,” मी म्हणालो. “यंत्राने नव्हे. तुमची पावलं, तुमची गुरं, तुमच्या फुगड्या यांच्या उजेडात हे दिसलं. या काळ्या पट्टीवर घरं बांधू नयेत, अशी माझी शिफारस आहे. आणि उत्तरेची जमीन निर्दोष आहे. घरं तिथे बांधावीत.”

एकच गदारोळ झाला. किनारवाडीचा एक जण ओरडला, “आता आणि किती वर्षा आमका वाळत घालतलास?” मागून कोणी म्हणाले, “देवाची जागा ती! थय संडास बांधतलास?”

भिकूआजा भिंतीपासून सुटून पुढे आला. लोक आपोआप गप्प झाले.

“शौनक, तू खोटा बोलणस नाय, म्हायत आसा माका. देवानपण कळो दिल्यान. पण एक सांग. पळूची जागाच गाव झाली, तर गावान पळूचा खय?”

हा प्रश्न मी स्वतःला शंभरदा विचारला होता. शिवेपलीकडे उत्तरेखेरीज मोकळी जमीन नव्हती. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी, तिसरीकडे दुसऱ्या गावाची शीव.

“आराखड्यात ‘पळायला जागा’ असा विभाग नाही,” सातार्डेकरबाई हळूच म्हणाल्या. कोणी हसले नाही.

तेव्हा बायकांतून वहिनी उठली. पदर सावरत, सभागृहाकडे न पाहता ती थेट आज्याशी बोलली.

“आजा, मी सहा म्हयने झाले, सड्यावर खडून ओटो आखून ठेवलंय. भिंत नाय, छप्पर नाय. पण मी त्या रेघेच्या आत गेलंय की घरात जातंय, भायर इलंय की भायर येतंय. माझो घोव सुदीक ती रेघ चपला घालून ओलांडणा नाय. खरा काय खोटा, इचारा तेका.”

सगळ्यांनी दाराकडे पाहिले. दादाने नजर खाली केली, आणि तेवढे उत्तर पुरेसे झाले.

“मगे शीव म्हणजे काय वेगळी?” वहिनी म्हणाली. “आमी मानतव म्हणान ती शीव. घरां उत्तरेक होऊंदेत. दक्षिणेचो सडो मोकळो रवतलोच मां? तेच्याभोवती शीव मारा. गावाच्या मधी आसलो तरी तो गावाभायर. पुढल्या पळणीक थय जाव.”

आजा तिच्याकडे बघत राहिला. “गावाच्या मधी गावाभायरची जागा?”

“होय. घराच्या आवारात पाण्याची बाव आसताच ना, कठडो बांधलेली? ती खय घरात आसता?”

सातार्डेकरबाईंनी मला विचारले, “मेस्त्री, त्या जमिनीवर गाव तीन दिवस राहिला तर?”

“पाया नको, खड्डा नको, मेखा नकोत,” मी म्हणालो. “मधल्या पट्टीभोवती दगड लावून ती सोडायची. बाकी माणसं बसली, जेवली, झोपली, तरी जमिनीला काही होणार नाही. गुरं मात्र कडेला.”

“देवाक इचारूक होया,” आजा म्हणाला.

“तुम्ही देवाला विचारा,” बाई म्हणाल्या, “मी नगररचना संचालनालयाला विचारते. बघू, कोण आधी उत्तर देतं.”

या वेळी सगळे हसले. देवाने दुसऱ्याच दिवशी उजवा कळा दिला.

संचालनालयाच्या उत्तरासाठी पावसाळा उलटून जावा लागला. तो पावसाळा किनारवाडीने पत्र्याखाली काढला. दादा माझ्याशी बोलला नाही. मी वसाहतीत गेलो, की वहिनी चहा देई, खऱ्या कपात, आणि दादा त्या वेळी नेमका कुठे तरी गेलेला असे. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना मी तिथे बसून राहिलो आणि मला कळले, की तिथे खरोखरच काही ऐकू येत नाही.

त्या पावसात दक्षिणेचा सडा खचला नाही. एक चिराही हलला नाही. माझे खरे ठरवण्यासाठी जमिनीने काहीच केले नाही, आणि तिने ते करावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. जे दिसले होते, ते दिसले होते. झऱ्यांना पाणी होते आणि ते स्वच्छ होते. याहून मोठा पुरावा मला नको होता.

हिवाळ्यात आराखडा मंजूर होऊन आला. पांढऱ्या ठिपक्याला रहिवासी विभागाचा पिवळा रंग मिळाला. दक्षिणेच्या सड्यावर बांधकामास कायमची मनाई लागली, आणि टिपेत सातार्डेकरबाईंनी भांडून घालून घेतलेले एक वाक्य होते: सदर क्षेत्र गावपळणीसाठी रिकामे राखून ठेवण्यात येत आहे. राज्यातल्या कुठल्याही आराखड्यात असे आरक्षण मी पाहिलेले नाही. दादाने आपले चिरे उचलून उत्तरेला नेले आणि घर बांधले. शेजारची चार घरेही त्यानेच बांधली.

पुढचा कौल काही वर्षांनी आला. आज्याचा हात आता थरथरतो. नव्या शिवेवर नारळ ठेवताना त्याला दोघांनी धरले होते. तीन दिशांना घरे आणि मध्ये हा मोकळा कातळ: गाव घरांना कुलपे लावून आपल्याच मध्यभागी चालत आला आणि शीव ओलांडताना प्रत्येक जण क्षणभर थांबला. दादाने नव्या घराची किल्ली करदोट्याला बांधली होती.

मी सर्वांत शेवटी पोहोचलो. येण्यापूर्वी त्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन मी यंत्रणा बंद केली होती. आराखडा मंजूर होता; आता खंड पडला, तरी चालण्यासारखे होते. आज्याचा जुना प्रश्न माझ्याकडे पडून होता, आणि त्याचे मला देता येण्यासारखे एवढेच उत्तर होते.

दादा पोकळीभोवती लावलेल्या दगडांशेजारी एकटाच बसला होता. वहिनीचा खडूचा ओटा याच जागी होता. मी अंतर राखून बसलो. ऊन उतरत होते, पोरे ओरडत होती.

“कान चालू आसा?” त्याने न वळता विचारले.

“नाय. बंद करून इलंय.”

“पुरो?”

“पुरो.”

तो थोडा सरकला आणि शेजारच्या कातळावर हात थोपटला. मी जाऊन बसलो. खाली कुठेतरी, आम्हाला ऐकू न येणारे पाणी आपल्या वाटेने चालले होते.

“मगे आता तू ऐक,” दादा म्हणाला, आणि बोलू लागला: पत्र्याखालच्या सातव्या पावसाळ्याबद्दल, नगरपंचायतीच्या दारातून परत फिरलेल्या त्या सकाळीबद्दल, नव्या घराच्या पहिल्या चिऱ्याबद्दल. तो सावकाश बोलत होता, अडखळत, मधेच थांबत, माझ्यासारखाच. मी ऐकत राहिलो. त्यात गाळून टाकण्याजोगे काहीही नव्हते.